दोन फळ्यांचे टेबल

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. टेबल टेनिसचे. जेवायला किंवा अभ्यासाला माझा कधी उपयोग झाला नाही. उभा जन्म नुसता मार खाण्यात गेला. आता पाय कुरकुरतात, एकाखाली तर पुठ्ठ्याची घडी आहे. खरे सांगायचे तर मी दमलो आहे.

आमचे क्रीडाकेंद्र आधी धान्याचे गोदाम होते. शाळेतून निवृत्त झालेल्या व्यायामाच्या मास्तरांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून ते झाडून काढले. गोदामाच्या दाराच्या दोन फळ्यांवर सुताराने रंधा मारला, त्या हिरव्या रंगवल्या आणि बिजागऱ्यांनी जोडल्या. तोच माझा जन्म. मास्तरांचा नियम एकच होता.

"लहान-मोठं कुणीही या. फक्त चपला बाहेर काढा, आणि भांडण असेल तर तेही तिथंच ठेवा."

हा नियम दोन भावांनी अगदी शब्दशः पाळला. वडिलांच्या घड्याळांच्या दुकानाची वाटणी झाली आणि दोघांचे फाटले. एकमेकांच्या घरी जाणे बंद झाले. पण रोज संध्याकाळी दोघे चपला काढून माझ्या दोन टोकांना उभे राहत. बोलत ते फक्त गुण. "नऊ-सात." "दहा-सात." थोरला आजारी पडला की धाकटा भिंतीशी बसून राही, दुसऱ्या कुणाशी खेळत नसे. मला त्यांचे फार वाईट वाटायचे.

पुढे मास्तर गेले. जागच्या जागी धावायची यंत्रे आली. लोक माझ्यावर टॉवेल आणि पिशव्या टाकू लागले. एकदा व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "हे टेबल रविवारी भंगारात जाईल. कुणाला हवं असेल तर घेऊन जा."

रविवारी दोघेही भाऊ हजर. थोरला माझ्याकडे बघतच म्हणाला, "अर्धं तू ने, अर्धं मी नेतो."

वाटणीची सवय, दुसरे काय. धाकट्याने माझ्या बिजागरीवर हात ठेवला.

"अर्ध्यावर खेळायचं कसं, दादा?"

'दादा' हा शब्द मी त्याच्या तोंडून कित्येक वर्षांनी ऐकला. थोरल्याने वितीने माझी लांबी मोजली.

"माझ्या बाहेरच्या खोलीत मावेल," तो शेवटी म्हणाला. "तुझी वहिनी कुरकुर करेल. करू दे."

दोघांनी मला उचलले. गल्लीच्या वळणावर माझा पाय ठेचला. "डावीकडे घे." "अरे, हळू, बोट सापडेल." वाटभर त्यांचे हेच चालले होते आणि मला दुखणे जाणवले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना कोण उभे राहायचे, तेवढे एकदा बघत जा. माझे आता मार खायचे वय राहिलेले नाही. पण थोरल्याच्या घरासमोर पोचल्यावर धाकटा थांबला. त्याने मला भिंतीला टेकवले, उंबऱ्याकडे बघितले आणि चपला बाहेर काढल्या.