हिरवी तबकडी

साहेबरावांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तीन दिवस उरले असताना त्यांच्या मुलीने, करुणाने त्यांची घड्याळांची पेटी उघडली.

बारामतीत घड्याळं दुरुस्त करण्यात साहेबरावांचा जन्म गेला. घालायला सदरे दोनच; पण चार-पाच वर्षांतून एकदा ते मुंबईला जायचे आणि एखादं जुनं, सोन्याचं मनगटी घड्याळ घेऊन यायचे. तेही खऱ्या दगडाच्या तबकडीचंच. पत्र्यासारखा पातळ कापलेला दगड आणि त्यावर दोन काटे. एक लाजवर्दी निळं, एक काळ्या अकीकाचं, एक वाघाच्या डोळ्यासारखं पिवळं. हाताला त्यांनी ती कधी बांधली नाहीत. रविवारी उन्हात धरून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. आई म्हणायची, "बघून पोट भरलं असंल तर आता जेवायला या."

चौथं त्यांचं सगळ्यात लाडकं, हिरव्या मॅलाकाइटचं. ते पेटीत होतं, पण त्याला तबकडीच नव्हती. ती वलयावलयांची हिरवी तबकडी शेजारच्या पाचव्या, अनोळखी घड्याळात बसवलेली होती. त्याखाली गेल्या वर्षीची तारीख घातलेली चिठ्ठी : 'सर्जेराव, अंथुर्णे. पोचवायचं.'

हे नाव करुणा विसरणं शक्य नव्हतं. ती दहावीत असताना सर्जेराव भर बाजारात ओरडले होते, "साहेबऱ्यानं माझं सोन्याचं घड्याळ फोडलं! असल्यांच्या हातात सोनं द्यायचंच न्हवतं!" अंथुर्ण्याचं गिऱ्हाईक त्यानंतर तुटलं ते तुटलंच. घरी तिने विचारलं होतं, "दादा, खरंच तुमच्या हातून फुटलं?"

"व्हय," एवढंच ते म्हणाले.

तिने ते खरं मानलं. पुढे ते कामाला बसले की ती त्यांच्या बोटांकडे बघायची. त्यांनाही ते कळायचं.

दुसऱ्या दिवशी एसटीने ती अंथुर्ण्याला गेली. सर्जेराव मागे गोठ्यात होते. ओसरीवर त्यांची बायको लीलाबाई गवार मोडत बसली होती. करुणाने पुढे केलेलं घड्याळ बघताच तिचे हात थांबले.

"साहेबराव गेलं?"

"दीड महिना झाला."

"पोरी, त्येंनी न्हाय फोडलं हे. म्या फोडलं." लीलाबाईचा आवाज खाली गेला. "थोरलीच्या लग्नात समदे दागिने रिठ्याच्या पाण्यात भिजत घातले, तसं हेबी घातलं. सोनंच की! सकाळी घासाया गेले, तर दगड सुटून दोन तुकडं. मालक जीव घेत्याल म्हनून पदराखाली लपवून तुज्या बापाकडं नेलं. रडले त्येंच्याम्होरं. तर म्हनलं कसं, दुरुस्तीला टाकल्यालं माज्या हातून फुटलं, असं सांगा घरी."

"आणि काका बाजारात ओरडले तेव्हा?"

"म्या गप ऱ्हायले."

"अकरा वर्षं," करुणा म्हणाली. तिला ओरडायचं होतं. पण आवाज निघाला तो वर्गात हजेरी घेतल्यासारखा. "काकू, रविवारी कार्यक्रमाला सगळा बाजार येणार आहे. त्यांना खरं कळायला हवं."

लीलाबाईने मांडीवरची गवार परातीत टाकली आणि हाक मारली, "आवो, हिकडं या जरा!"

सर्जेराव हात पुसत आले. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. ते बायकोवर ओरडतील म्हणून करुणा पुढे सरकली. पण ते घड्याळच निरखत राहिले.

"ही तबकडी कुठनं आणली त्यानं?"

"त्यांच्या स्वतःच्या घड्याळातली काढलीय. गेल्या वर्षी बसवली. मग आजारीच पडले."

"घड्याळ फुटलं तवा आला व्हता माज्या दारात, नवी बसवून देतो म्हनून," सर्जेराव म्हणाले. "आत बी घेतला न्हाय मी त्याला, आन् घड्याळबी परत घेतलं न्हाय."

रविवारी बारामतीच्या विहारात वंदना झाली. दोन-चार जण साहेबरावांविषयी बोलले. मग शेवटच्या रांगेतून सर्जेराव उठले. शेजारी लीलाबाईही उठली.

"घड्याळ आमच्या घरात फुटलं व्हतं," ते म्हणाले. "साहेबरावांच्या हातून न्हाय. मी चार लोकांत बोललो, ते खोटं व्हतं."

"म्या फोडलं," लीलाबाई म्हणाली.

"आत्ता सांगताय व्हय?" साहेबरावांच्या शेजारच्या दुकानातले म्हातारे संभाजी बसल्या जागेवरून कडाडले. "माणूस गेल्यावर?"

"व्हय. उशीर झाला," सर्जेराव म्हणाले.

त्यांना बसा म्हणायला कुणी तयार नव्हतं. दोघं तशीच उभी राहिली. मग करुणा उठून मागे गेली आणि म्हणाली, "बसा, काका. काकू, तुम्हीपण."