मास्तरांचा चोरखिसा

वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन करून घेण्याआधीच टेलरमास्तरांनी घरी घालायच्या गाउनला आतून चोरखिसा शिवला आणि त्यात बिस्किटं दडवून ठेवली. घरी आल्यावर डॉक्टरांचा हुकूम होता: सूप प्यायचं चमच्याचमच्याने आणि अधूनमधून चालायचं. मास्तर एवढ्या हौसेने व्हरांड्यात फेऱ्या मारायला निघाले, की बायकोने कौतुकाने दार धरलं. टोकाला पोचताच त्यांनी हळूच गाउनमध्ये हात घातला. खिसा रिकामा आणि वरून शिवून टाकलेला! टाके इतके बारीक, की मास्तरांना आपलीच शिकवण ओळखू आली.

आतून बायको कुरुमकुरुम करत म्हणाली, "अहो, पोटाची शिवण पक्की झाली, की खिशाची उसवून देईन. बिस्किटं मात्र ठेवली नाहीत, उगाच सादळली असती!"