दुधाच्या वाडग्यातलं चॉकलेट

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो. चिनी मातीचा, जाड बुडाचा, बाहेरून निळा आणि आतून दुधासारखा पांढरा. यातला 'दुधासारखा' हा शब्द मी जरा दबकतच वापरतो, कारण आमच्या घरात तो शब्द काढायची चोरी आहे. का, ते पुढे कळेलच. आधी एवढंच सांगतो की माझं निम्मं आयुष्य नवल करण्यात गेलं. वाडग्याचं तोंड सदा उघडंच असतं, त्यामुळे तो आश्चर्याने आ वासून बसलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मुळात मी चिखल होतो. एका कुंभारणीने मला तुडवलं, मळलं आणि चाकावर आपटलं. बाई हाताने हलकी पण जिभेने तिखट होती. चाक फिरू लागलं, तिने नुसते अंगठे टेकवले आणि मला पोट आलं. मग तिने कसली तरी करडी भुकटी पाण्यात कालवून माझ्या अंगाला फासली. मला वाटलं, झालं, आपल्या रूपाची माती झाली. तशाच अवतारात तिने मला भट्टीत ठेवलं. आत काय घडलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. इतका उजेड मी पुन्हा कधी पाहिला नाही. बाहेर आलो तेव्हा त्या करड्या भुकटीची काच झाली होती आणि ती काच बाहेरून निळी, आतून पांढरी होती. कुंभारणीने बोटाच्या पेराने मला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाली, "वाजतोय. टिकेल हा."

तिच्या भट्टीची पडकी भिंत ज्या गवंड्याने बांधून दिली, त्याच्या हातात तिने मला ठेवलं. गवंड्याने मला गळ्यातल्या मफलरमध्ये गुंडाळून घरी आणलं आणि बायकोपुढे धरलं. त्याची बायको बस चालवते. दिवसभर रस्त्यावर हॉर्न ऐकून ती शांत आवाजाची झाली आहे. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यात दूध छान दिसेल."

तेव्हापासून मी दुधाचा वाडगा झालो. काय दिवस होते ते! रोज सकाळी तापलेलं दूध माझ्यात ओतलं जायचं आणि थोड्या वेळाने, कुणीही हात न लावता, त्यावर पातळ साय धरायची. मी रोज पाहायचो आणि रोज थक्क व्हायचो. आल्यागेल्याने माझं कौतुक करावं आणि मी मनातल्या मनात फुगावं, असं चाललं होतं.

मग घरात एक मुलगी जन्माला आली. गोडाचा वास लागला की रांगत तिथे हजर, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले. तिला पहिल्यांदा वरचं दूध पाजायचं ठरलं, तेव्हा ते माझ्यातूनच घेतलं. एक चमचा, मग अर्धा. तेवढ्यात तिचे ओठ सुजले, अंगावर लाल गांधी उठल्या आणि श्वास घरघरू लागला. आईबापांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तिला उचलून धावले, दार उघडंच राहिलं. मी टेबलावर होतो, चमचा माझ्यातच होता.

मुंगी बरी होऊन घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दूध तिच्या अंगाला चालतच नाही. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, त्याचा अंशही नाही. चूक कुणाचीच नव्हती, पण त्या दिवशी मला घासून पुसून सगळ्यात वरच्या फळीवर पालथं घातलं गेलं. वाडग्याला पालथं घालणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? तोंड फळीला टेकलेलं, पाठीवर सुतळीचं भेंडोळं आणि एक टॉर्च. कडेच्या फटीतून मात्र खालचं स्वयंपाकघर दिसायचं, तेवढाच विरंगुळा.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्याकडे पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. कुठलंही भांडं फळीवरून काढलं की आधी विसळायचं, हा घराचा कायदाच झाला. स्वच्छ असलं तरी विसळायचं. पाहुणा स्वतःच्या हाताने पेला घ्यायला गेला तर तिघांपैकी कुणीतरी झडप घालून तो नळाखाली धरायचं. मुंगी वाचायला शिकली तेव्हा स्वतःच्या नावाआधी 'दूध' हा शब्द वाचायला शिकली. दुकानातून आलेला प्रत्येक पुडा ती पाठीमागून वाचायची, बारीक अक्षरांवर बोट ठेवून, एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखी. एवढ्याशा पोरीची ती सावधगिरी पाहून मला नवलही वाटायचं आणि वाईटही.

कुणाच्या घरी खाऊ असला की ती आपला वेगळा डबा घेऊन जायची. पिवळा, घट्ट झाकणाचा. एकदा ती तशी गेली आणि डबा न उघडताच परत आली. आईने विचारलं, "अगं, खाल्लं नाहीस?"

"सगळ्याजणी एका ताटाभोवती बसल्या होत्या," मुंगी म्हणाली. "मी खिडकीपाशी बसले होते. मैत्रिणीची आई सारखी म्हणत होती, तिला देऊ नका गं, तिला देऊ नका."

"बरोबरच आहे ना त्यांचं."

"बरोबरच आहे. पण मला एकदा असं ताट पाहिजे, ज्यातून सगळ्या घेतील आणि मी पण घेईन."

आई म्हणाली, "असं ताट दुसऱ्याच्या घरी कसं मिळेल? ते आपल्याच घरी भरू. बोलाव सगळ्यांना."

सुट्टीचा दिवस ठरला. बेत सोपा होता: खोबऱ्याच्या वड्या करायच्या आणि काळ्या चॉकलेटात बुडवून काढायच्या, म्हणजे वरून दुकानातल्यासारखं चकचकीत कवच धरेल. चॉकलेट बिनदुधाचं. ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एकाच दुकानात मिळतं. आईने आपल्या फेरीच्या शेवटच्या थांब्यावर उतरून ते आणलं आणि मुंगीने पुड्याची मागची बाजू आधी स्वतः वाचली, मग आईकडून वाचून घेतली.

नारळ बाबांनी फोडला. गवंड्याचा हात तो, हातोडीचा एकच घाव आणि दोन सारख्या वाट्या. खोबरं खोवलं, त्यातलं थोडं गरम पाण्यात घालून पिळलं, तर पांढरंशुभ्र पाणी निघालं. ते पाहताच मुंगीने हात मागे घेतला.

"नारळाचं आहे ते," बाबा म्हणाले. "हे तुझं दूध. पी बिनधास्त."

तिने बोट बुडवलं, चाटलं आणि डोळे मोठे केले. वरून मी बघत होतो. मित्रांनो, इतकी वर्षं मी दुधाचा वाडगा म्हणून मिरवलो, पण झाडाच्या पोटातही दूध असतं हे मला त्या दिवशी कळलं. मला बोटं असती तर मी ती तोंडात घातली असती.

चॉकलेट मात्र अडून बसलं. पातळ स्टीलच्या भांड्यात पहिले दोन तुकडे टाकले आणि बघता बघता करपले. चॉकलेटला आच सोसत नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर जाड भांडं ठेवून, नुसत्या वाफेवर ते विरघळवावं लागतं. पातेल्यावर नेमकं बसेल असं जाड भांडं घरात एकच होतं. बाबांनी वर पाहिलं.

"तो?" आई म्हणाली. "त्यात दूध असायचं."

"वरून काच आहे त्याच्या. काचेत काय मुरतंय?"

तरी त्यांनी मला खाली काढून साबणाने घासलं आणि एका मोठ्या पातेल्यात बुडवून खदखदून उकळलं. माझ्याच पाठीवरच्या टॉर्चने मला आतून बाहेरून तपासलं, कुठे चीर आहे का म्हणून. शेवटी टिचकी मारली. मी वाजलो, आवाज अगदी पहिल्यासारखाच होता. मग आईने मला पुन्हा घासून कोरडं पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. आईबाबा खोबरं परतायला वळले आणि मुंगीने मला हळूच उचललं. तिने मला आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता. घराचा कायदा होता. तिने मला विसळलं, पाणी झटकलं आणि तसंच पातेल्यावर ठेवलं.

माझ्या तळाशी चार थेंब राहिले होते. मला ते कळत होते, पण वाडग्याने सांगावं कुणाला?

चॉकलेटचे तुकडे आत पडले. खालून वाफ लागली. कडक, कोनाकोनांचे तुकडे हळूहळू कडेने चमकू लागले, मग ढिले पडले, आणि मला भट्टीतली ती करडी भुकटी आठवली, जी काच झाली होती. एवढी सुंदर गोष्ट माझ्या पोटात घडत होती! बाबांनी चमचा तळापर्यंत फिरवला. तो त्या थेंबांना लागला आणि एका क्षणात सगळं फिसकटलं. चकाकी गेली. चॉकलेटचा खरखरीत, मातकट गोळा झाला. हलवावं तसा तो आणखीच घट्ट होऊ लागला.

तिघंही बघत राहिले. चॉकलेट होतं तेवढं सगळं माझ्यात होतं. दुकान सुट्टीमुळे बंद, आणि मुली तासाभरात येणार.

"हा वाडगा ओला कसा झाला?" आई म्हणाली. "मी तर कोरडा पुसला होता."

"मी विसळला," मुंगी म्हणाली. "विसळायचा असतो ना?"

आईबाबांनीच तर ते शिकवलं होतं. मुंगी रडली नाही. ती कपाटाकडे गेली, आपला पिवळा डबा काढला आणि टेबलाच्या कडेला, खिडकीच्या बाजूला ठेवला. ते पाहून मला वाटलं, पुन्हा फळीवर पालथं पडलेलं बरं.

बाबा चमच्याने गोळा दाबून बघत होते. दाबला, मोडला, पुन्हा दाबला. मग म्हणाले, "हे कमी पाण्यात कालवलेल्या सिमेंटसारखं दिसतंय."

"आता पोरींना सिमेंट खाऊ घालताय का?" आई म्हणाली.

"अगं, ऐक तर. कोरड्या सिमेंटवर चार थेंब पडले की खडे होतात. तेच पुरतं पाणी पडलं की माल कसा मऊ फिरतो. हे आपल्याला चार थेंबांनी मारलंय."

"म्हणजे पाण्याने बिघडलं, त्यात आणखी पाणी घालायचं?"

"पाणी नाही. ते नारळाचं दूध गरम कर. चॉकलेट तसंही वायाच गेलंय."

आईने गरम केलं. बाबांनी एक चमचा घातला. गोळा आणखी बिघडला, पिंजल्यासारखा झाला. दुसरा घातला, काही नाही. मुंगी कपाटापाशीच उभी होती, पण मान वळवून बघत होती. तिसऱ्या की चौथ्या चमच्याला कडेने एक रेघ चमकली. बाबांचा हात थांबला नाही. रेघ पसरली, खडे विरले आणि ज्याचं मघाशी मातेरं झालं होतं ते माझ्या पोटात गुळगुळीत, काळंभोर, आरशासारखं फिरू लागलं. त्यात खिडकी दिसत होती. मी भट्टी पाहिली आहे, साय धरताना पाहिली आहे, पण ज्याने बिघडलं त्याच्यानेच सुधारताना मी पहिल्यांदा पाहिलं. मुंगी येऊन वाफेवर वाकली आणि तिचा चेहरा माझ्यातल्या चॉकलेटात दिसला.

आता ह्याचं कडक कवच धरणार नव्हतं, ते दुकानातल्यासारखं दिसणं राहूनच गेलं. मग त्यातच परतलेलं खोबरं आणि साखर ढकलली, गार केलं आणि गोळे वळून कोरड्या किसात घोळवले. बाबांचे गोळे एका मापाचे, मुंगीचे कुणी लांबोडके, कुणी चपटे. एकच मोठं ताट भरलं.

मुली आल्या. ताटाभोवती बसल्या. मुंगी सवयीने खिडकीपाशी जाऊन बसली. हे ताट आपल्यासाठीही आहे याची तिलाच आठवण राहिली नाही. समोरचे दोन दात पडलेल्या एका मुलीने गोळा तोंडात टाकला, डोळे मिटून घेतले, मग ताट उचललं आणि सरळ खिडकीपाशी नेलं.

"घे ना," ती म्हणाली. "तुझ्याच घरचं आहे आणि तूच काय लांब बसलीस?"

मुंगीने दाराकडे पाहिलं. आई उभी होती. 'तिला देऊ नका' असं कुणीच म्हणालं नाही. मुंगीने एक चपटा गोळा उचलला आणि ताटापाशी येऊन बसली. आई आत ओट्यापाशी आली आणि पाठमोरी उभी राहून, नळाखाली उगाचच हात धूत राहिली.

मित्रांनो, आता मी फळीवर नसतो. ओट्यावर असतो, उताणा. तुमच्याही घरी वर कुठेतरी एखादं भांडं पालथं पडलं असेल. त्यात कधीकाळी काय होतं ते जरूर विचारा, नीट घासा, तपासा. पण त्यात आणखी काय मावेल तेही एकदा बघा. आणि तुमच्यात कुणी वेगळा डबा घेऊन लांब बसत असेल, तर असं काहीतरी करा की ताट तिच्यापर्यंत नेता येईल. ते अवघड नसतं. नारळ लागतो, काळं चॉकलेट लागतं आणि एक कोरडा वाडगा. कोरडा, हे विसरू नका.

त्या संध्याकाळी मुली गेल्यावर आईने मला घासायला घेतलं, तेवढ्यात मुंगी धावत आली आणि म्हणाली, "थांब, आई, इतक्यात विसळू नको." तिने आपलं बोट माझ्यात घातलं आणि कडेकडेने, तळापर्यंत, हळूहळू फिरवून चाटून घेतलं. मग पुन्हा फिरवलं.