भुतांच्या गोष्टी आणि बटाट्यांची साले

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. लिहिण्याचे नव्हे, स्वयंपाकघरातले. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आता माझ्या कडेला पितळेची पट्टी ठोकली आहे आणि तिच्यावर कोरले आहे की, या टेबलावर एका थोर लेखिकेने आपल्या कादंबऱ्या लिहिल्या. ते खरेच आहे. पण त्याच टेबलावर पीठ मळले जाई, कांदे चिरले जात, दिव्यांच्या काचा पुसल्या जात. पट्टीवर तेवढी जागा नव्हती, म्हणून उरलेले मी सांगतो.

मला घडवणारा सुतार मोजके बोलणारा होता. एक तरुण त्याच्या कारखान्यात आला. नवीनच लग्न झालेला, बोटांना शाई लागलेली. तो छापखान्यात जुळारी होता, म्हणजे शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळी जुळवणारा.

"दोघांना पुरेल असं टेबल हवंय," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तिघांना. आई आहे माझी."

"चौघांचं करतो," सुतार रंधा उचलत म्हणाला. "माणसं वाढतातच."

तसेच झाले. हातगाडीवरून मी त्या घरी गेलो तेव्हा घरात तिघे होते, आणि दोन वर्षांत चौथी आली. तिला सगळे चिमणी म्हणत. ती माझ्यावर कमी आणि माझ्याखाली जास्त असे. माझे चार पाय म्हणजे तिच्या घराचे चार खांब होते. आत तिची बाहुली, दोन फुटके कप आणि एक लंगडे मांजर असा संसार होता. तिची आई वर भाजी चिरता चिरता खालच्या घराला गोष्टी सांगे. त्या बाईंना आपण बाईच म्हणू, कारण पुढे सगळे गाव त्यांना तसेच म्हणू लागले. तेव्हा त्या काही लेखिका नव्हत्या. शाळामास्तरांची मुलगी, वाचनाचे वेड असलेली, आणि गोष्ट सांगताना हमखास दूध उतू घालवणारी, अशी त्यांची ख्याती होती.

"गोष्टीतल्या राजकन्येला सांग, दुधाकडे बघ म्हणावं," सासूबाई म्हणत.

या सासूबाई मोठ्या भाविक. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण सगळ्या प्रार्थना तोंडपाठ होत्या. दर आठवड्याला त्या सुनेला आणि नातीला घेऊन प्रार्थनाघरात जात. तिथले पुढून दुसरे बाक त्यांचे होते, म्हणजे तसे कोणी दिलेले नव्हते, पण दुसरे कोणी तिथे बसायला धजत नसे.

चिमणी पाच वर्षांची असताना गावात घशाची साथ आली. मला आठवते ते इतकेच, की एके दिवशी माझ्याखाली कोणी आले नाही. मग डॉक्टरांची बॅग माझ्यावर ठेवली गेली. मग ती उचलली गेली, आणि घर एकदम गप्प झाले.

अंत्यसंस्कारानंतर प्रार्थनाघराचे गुरुजी भेटायला आले. माणूस वाईट नव्हता. पण दुःखाच्या घरात काय बोलावे हे त्यांना पुस्तकातूनच ठाऊक होते. माझ्यापाशी खुर्ची ओढून ते म्हणाले, "देवाला ती आपल्याजवळ हवी होती. रडणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं."

बाई उठल्या आणि भांडी घासू लागल्या. घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागल्या. त्या आठवड्यापासून त्यांनी प्रार्थनेला जाणे सोडले.

सासूबाई एकट्या जाऊ लागल्या. त्यांनी सुनेला एका शब्दाने विचारले नाही. फक्त निघताना दारात म्हणत, "बरं, मी जाऊन येते." आणि जुळारी आईला हात देऊन सोबत जाई. घर तासभर रिकामे असे. त्या तासात बाई माझ्यापाशी नुसत्या बसत. दोन्ही तळहात माझ्यावर पसरून, जसे कोणी आजाऱ्याच्या अंगावर हात ठेवते तसे.

पुढे केव्हातरी त्यांनी छापखान्यातून आलेले वाया गेलेले कागद ओढले. एका बाजूला छापलेले, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर त्या लिहू लागल्या. मित्रांनो, माझ्यावर तोवर पुष्कळ ओझी ठेवली गेली होती. पण त्या दिवशी त्यांच्या मनगटाचा जो दाब पडला, तसा मी कधी अनुभवला नव्हता.

त्यांनी लिहिली ती भुताची गोष्ट होती. एक मेलेली मुलगी रोज जेवणाच्या वेळी घरी येते. कोणाला घाबरवत नाही. फक्त आपल्या जागेवर येऊन बसते आणि ताट कधी मिळते याची वाट बघते. ती दिसत नाही, पण घरात कोणाच्याच घशाखाली घास उतरत नाही. शेवटी आई तिचे ताट मांडते, शेजारी बसून तिला सांगते की तू पुढे हो, मी मागून येते, आता तुला उशीर होतोय. मुलगी जाते. आई जेवते. बस, एवढीच गोष्ट.

ती पहिल्यांदा जुळाऱ्याने वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ तो नाक शिंकरत राहिला. मग म्हणाला, "दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकलाय."

"एवढंच?"

"बाकी मला बोलता येणार नाही गं," तो म्हणाला.

त्याने ती गोष्ट आपल्या छापखान्यात छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकाच्या संपादकांना दिली, आणि स्वतःच्या हाताने तिचे खिळे, म्हणजे ती शिशाची अक्षरे, जुळवले. गोष्ट छापून आली आणि लोकांनी अंक एकमेकांकडून मागून नेले. संपादकांनी दुसरी मागितली, मग तिसरी. एका गोष्टीत पाव भाजणारा मेलेला भटारी भट्टी विझवली की नाही हे बघायला परत येई. एकीत एक मास्तरीण ज्या मुलीला उगाच छडी मारली तिची क्षमा मागायला येई. बाईंच्या भुतांना दात नव्हते आणि साखळ्याही नव्हत्या. त्यांचे काहीतरी राहून गेलेले असे, आणि कोणीतरी ऐकून घेतले की ती शहाण्यासारखी निघून जात.

सासूबाईंना हे सारे पसंत नव्हते. "ज्या घरात प्रार्थना होते तिथे भुतांचं काय काम?" त्या म्हणत. पण एकदा बाई नवी गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवत असताना त्या बटाट्यांची टोपली घेऊन माझ्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या.

"मी ऐकत नाहीये," त्यांनी जाहीर केले. "मी बटाटे सोलतेय."

त्या दिवशी साले फार जाड निघाली. अर्ध्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली. "अगं, तुझं भूत चिखलातून आलं आणि सरळ आत शिरलं? पाय नाही पुसले?"

"भूत आहे ते, आई."

"म्हणून काय झालं? चांगल्या घरचं दिसतंय."

बाई हसल्या. चिमणी गेल्यापासून त्या घरात कोणी हसल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले. भुताने पाय पुसले. त्यानंतर सासूबाईंनी ऐकल्याशिवाय एकही गोष्ट घराबाहेर गेली नाही.

गोष्टींचे पुस्तक निघणार असे ठरले तेव्हा गुरुजी पुन्हा आले. या वेळी ते बसले नाहीत.

"प्रार्थनाघरातल्या माणसांनी तक्रार केली आहे," ते म्हणाले. "मुलं घाबरतात. आणि धर्माच्या घरातल्या बाईने भुतंखेतं लिहावीत हे शोभत नाही. पुस्तक थांबवा, आणि हे सगळं खोटं होतं असं सर्वांसमोर सांगा. नाहीतर मला तुमचं नाव प्रार्थनाघराच्या मंडळीतून काढावं लागेल. तुमच्या सासूबाईंनाही मग तिथे येणं अवघड होईल."

बाईंनी हात पुसले. त्यांचा आवाज चढला नाही.

"गुरुजी, मी एकही भूत पाहिलेलं नाही. पण माणूस मेला की पुरता संपतो, हे मला मानता येत नाही. हे मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही दर आठवड्याला तेच सांगता. मी फक्त ते आमच्या स्वयंपाकघरात आणून बघितलं."

"आणि प्रार्थना? ती तर तुम्ही सोडलीत."

बाईंनी हातातले फडके खाली ठेवले. तो घाव वर्मी लागला होता. तेव्हा माझ्या टोकाशी बसलेल्या सासूबाई बोलल्या.

"ती येत नव्हती तेव्हा तुम्ही कधी विचारायला आला नाहीत, गुरुजी. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी एकटी बाकावर बसायची, तुम्ही बघत होता. ती लिहायला लागली तेव्हा आलात." मग त्यांनी टोपली पुढे ओढली. "माझ्या सुनेचं नाव काढायचं तर माझंही काढा. दोन्ही एकदमच काढा, तुमची शाई वाचेल."

गुरुजी निघून गेले. सासूबाई बोलल्या खऱ्या, पण मग एकच बटाटा त्या लिंबाएवढा होईपर्यंत सोलत राहिल्या. साठ वर्षे ज्या घरात त्या प्रार्थनेला गेल्या, ते दार बंद होण्याची भीती काय असते हे मला त्या बटाट्यावरून कळले.

प्रार्थनेचा दिवस आला. सासूबाई नेहमीप्रमाणे तयार झाल्या आणि दारात म्हणाल्या, "बरं, मी जाऊन येते."

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी येते."

तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. पण परतल्यावर जुळाऱ्याने शेजाऱ्यांना इतक्या वेळा सांगितले की मला पाठ झाले. बाई आणि सासूबाई पुढून दुसऱ्या बाकावर बसल्या, आणि आजूबाजूच्या बाकांवरच्या बायका उठून दूर मागे गेल्या. दोघी एकट्याच राहिल्या. बाईंना प्रार्थनेचे शब्द आठवेनात. तेव्हा सासूबाई प्रत्येक ओळ जरा मोठ्याने म्हणू लागल्या आणि सून मागून म्हणू लागली. गुरुजींच्या हातात नावे काढण्याचा कागद होता. तो त्यांनी वाचला नाही. का, ते कोणालाच कळले नाही.

पुस्तक निघाले. त्याच्यामागून कादंबऱ्या आल्या, मोठे नाव झाले. दूरदूरचे वाचक भेटायला येत आणि दिवाणखान्याचे दार वाजवत. पण कितीतरी बायका मागच्या दाराने येत. कोणाचा भाऊ गेलेला, कोणाचे बाळ. बाई त्यांना माझ्यापाशी बसवत, हातात काहीतरी काम देत आणि ऐकत. त्या दिवशी प्रार्थनाघरात उठून मागे गेलेल्या बायकाही त्यांत होत्या. बाईंनी त्यांना जुन्या गोष्टीची आठवण करून दिली नाही. आणि ऐकलेले कधी कोणाच्या नावाने छापले नाही. मी त्यांना सर्वांत मोठे मानतो ते यासाठी.

एके दुपारी मागच्या दाराने गुरुजी आले. त्यांची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. ते खुर्चीत बसले, पण त्यांना बोलता येईना. पुस्तकातले सगळे शब्द संपले होते.

"तिच्या चपला दाराशीच आहेत," ते शेवटी म्हणाले. "मला उचलवत नाहीत."

बाई म्हणाल्या नाहीत की, रडू नका. त्यांनी त्यांच्यापुढे बटाटे आणि सुरी ठेवली, आणि स्वतः समोर बसल्या. गुरुजींना सोलता येत नव्हते. त्यांची साले पाहून सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. खूप वेळाने गुरुजी म्हणाले, "ती पहिली गोष्ट. ताटाची. वाचून दाखवाल?"

बाईंनी वाचली. त्या दिवशी गुरुजी माझ्यावर डोके टेकून रडले, आणि कोणी त्यांना थांबवले नाही.

सासूबाई पुढे पिकल्या पानासारख्या गेल्या. जाण्याआधी त्यांनी सुनेला बजावले, "मला गोष्टीत घालू नकोस हो. मला तिकडे जायचंय ते राहायला. परत यायला नाही." बाईंनी ते वचन पाळले. त्यांची सगळी पुस्तके चाळा, एकाही म्हातारीचे भूत सापडणार नाही.

मग जुळारी गेला, आणि काही वर्षांनी बाईही गेल्या. त्यानंतरचे माझे दिवस फारसे सांगण्यासारखे नाहीत. घर विकले गेले. मी एका रंगाऱ्याच्या गुदामात गेलो. माझ्यावर रंगाचे डबे सांडले, ओल आली, एका पायाला कीड लागली. इकडे अभ्यासक बाईंचे लेखनाचे मेज शोधत होते. त्यांच्याजवळ एक फोटो होता. त्यात बाई नक्षीदार मेजापाशी हातात पिसाची लेखणी घेऊन बसल्या होत्या. ते मेज फोटोवाल्याचे होते. तसलेच एक विकत आणून गावच्या वाचनालयाने कितीतरी वर्षे मोठ्या मानाने मिरवले. मला राग आला नाही. पण थोडे वाईट वाटले, इतकेच.

रंगाऱ्याच्या नातीला बाईंची पुस्तके फार आवडत. तिने एकदा गुदाम आवरताना मला उलटे केले, आणि माझ्या पोटाला खालून चिमणीने खडूने काढलेले एक लंगडे मांजर तिला दिसले. टेबलाखाली काढलेले असेच मांजर बाईंच्या एका कादंबरीत आहे. तिने वाचनालयाच्या बाईंना हाताला धरून आणले. मला तासले, कीड काढली, आणि मुलांच्या वाचनाच्या खोलीत ठेवले.

मित्रांनो, तुम्ही आता माझ्यावर कोपरे टेकून वाचता. टेका. माझी एवढीच विनंती आहे की कंपासच्या टोकाने माझ्यावर नावे कोरू नका, आणि ओला पेला ठेवलात तर तो पुसून घ्या. जुन्या लाकडाला पाणी सोसत नाही.

आणखी एक. परवा तुमच्यातलीच एक मुलगी इथे येऊन बसली. पुस्तक उघडे होते, पण पान उलटत नव्हते. तिच्या घरी काय झाले होते ते मला ठाऊक नाही. वाचनालयाच्या बाईंनी तिला काही विचारले नाही. त्या कव्हर घालायची पुस्तके घेऊन आल्या, तिच्या शेजारी बसल्या आणि कागद कापू लागल्या. थोड्या वेळाने त्या मुलीने दुसरी कात्री उचलली.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असे कोणी गप्प बसलेले दिसले, तर त्याला समजावायला जाऊ नका. खुर्ची ओढा आणि जवळ बसा.