सुईचा पहिला मान

रुख्माबाईने चूल पेटवली, चहाचे आधण ठेवले आणि मागाच्या खड्ड्यात बसलेल्या मुलाला हाक मारली. जागेश्वरने तुटलेला धागा सांधला, धोटा बाजूला ठेवला आणि अंगणात येऊन तोंड धुतले. विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे अशी दवंडी वस्तीत फिरली होती. तेव्हापासून सगळ्या घरांत चहा भरपूर उकळे. पाणी मात्र लोक तसेच पीत. शेजारचा लहानू पटकीने गेला होता आणि त्याचा दहावा अजून व्हायचा होता.

आज मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना होता आणि त्यासोबत पटकीची लस फुकट टोचणार होते. तूही चल, असे जागेश्वरने आईला सांगितले. रुख्माबाईने बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"आधी तू टोचून घे. तुले काही झालं नाही, तं मंग मी घेतो."

"घेतो ना. त्याच्यात काय हाये?" जागेश्वर म्हणाला.

लसीकरणाची कल्पना क्रीडा मंडळाचे अध्यक्ष बाबनराव यांची. वस्तीत खेळाडूंना मान होता. त्यांनी आधी दंड पुढे केला की लोकही धजतील, असे बाबनरावांनी सभेत सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. या सुईने दंड सुजतो आणि अंगात कणकण भरते, हे सभासदांच्या ध्यानात आले ते टाळ्या ओसरल्यावर. त्या क्षणापासून बाबनरावांच्या मनात आतिथ्य दाटून आले. अंतिम सामना कोराडीच्या संघाशी होता, आणि पाहुण्यांना डावलून पहिली सुई आपण घेणे त्यांना अगदीच असभ्यपणाचे वाटू लागले.

कोराडीचा कर्णधार आनंदराव वीज केंद्रात फिटर होता. सभ्यपणात तोही कमी नव्हता. त्याने हात जोडले.

"आमी पाहुणे माणसं, बाबनरावजी. घरच्याइनं आधी हात पुढं करा. आमी मांगं आहोच."

मैदानाच्या कडेला मांडलेल्या लसीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन्ही संघ अदबीने उभे राहिले. एकाने पुढे व्हावे म्हणून दुसरा मागे सरके. बाबनरावांनी पाहुण्यांच्या दंडांची तारीफ केली, आनंदरावाने यजमानांच्या दंडांची. मध्ये नर्स कुसुमताई बसल्या होत्या. स्टोव्हवर सुया उकळत होत्या आणि लसीच्या पेटीतून बर्फाचे पाणी टपटपत होते. बर्फ संपला की लस परत न्यावी लागेल, असे त्यांनी बाबनरावांना दोनदा बजावले. दोन्ही वेळा बाबनरावांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

दोरीपलीकडे सगळी वस्ती हे पाहत होती.

"औषधातच काही असंन," कोणीतरी म्हटले. "नाही तं हे पहिलवान काहून मांगं सरकून राहिले?"

हे शब्द जागेश्वरला स्पष्ट ऐकू आले. लहानूची बायको चंद्रकला लेकराला कडेवर घेऊन आली होती. तिने त्याच्या तोंडावर पदर ओढला आणि ती घराच्या दिशेने वळली. तिच्यामागून आणखी काही बाया निघाल्या. रुख्माबाई तेवढी थांबली होती. ती टेबलाकडे नव्हे, मुलाकडे पाहत होती.

बाबनरावांनी जागेश्वरला बाजूला घेतले. संघातला सगळ्यात चपळ चढाईपटू तोच होता.

"तू मधात पडू नोको गा. फायनल जिंकू दे, मंग पाहिजे तेवढ्या सुया घे."

"मंगपर्यंत बर्फ राहीन का?"

बाबनरावांनी बर्फाविषयी काही ठरवलेले नव्हते. त्यांनी विजेत्यांना द्यायच्या ढालीकडे पाहिले. ती लाल कापडाखाली झाकून ठेवली होती.

जागेश्वर टेबलापाशी गेला, स्टुलावर बसला आणि दंड पुढे केला. कोणता हात, असे कुसुमताईंनी विचारले. चढाईला तो उजवा हात वापरी आणि धोटाही त्याच हाताने फेकी; त्याने डावा दिला. कापसाचा गार स्पर्श झाला, मग सुई आत गेली. आनंदरावाने यजमानांचे मनापासून अभिनंदन केले आणि तो आणखी एक पाऊल मागे सरला.

"चंद्रकला," रुख्माबाईने हाक मारली, "थांब वं. लेकराले घेऊन ये."

देवळात शिरताना काढावी तशी तिने चप्पल काढून बाजूला ठेवली, पदर खोचला आणि ती मुलाच्या मागे उभी राहिली. जागेश्वरने उठून तिच्यासाठी स्टूल सरळ केले. शिट्टी वाजली तसा दंड चोळत तो मैदानाकडे गेला.