नावाचं ताट

"मोबाईल खिशात घाला आधी. भजं गरम आहे तोवर तोंडात जाऊ द्या, फोटोचं मग बघू," दौलतरावांनी दम भरला आणि सातही जणांनी मुकाट्यानं मोबाईल खिशात घातले.

चिंच-तिळाचं सारण भरलेली मिरची. पहिला घास घेतला आणि एकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दौलतराव खूश झाले. डोळ्यांतून पाणी काढत नाही ते भजं त्यांच्या लेखी भजंच नव्हे.

रविवार सकाळ होती. सुलतान बाजार अजून आळोखेपिळोखे देत होता. अर्ध्या दुकानांची शटरं खाली होती, आणि डोक्यावरून मेट्रो गेली की बोलणं थांबवावं लागत होतं. ही सात मुलं रूपालीच्या ऑफिसातली. सगळी मराठी, सगळी हैदराबादेत जन्मलेली, राहायला कुकटपल्लीला. मराठी बोलायची, पण वाचायची वेळ आली की अडखळायची. सुलतान बाजार म्हणजे लग्नाच्या साड्या, एवढंच त्यांना ठाऊक. रूपालीनंच टूम काढली होती, "बाबा, तुमच्या आवडीच्या जागा दाखवा ना ह्यांना. कुठं खायचं, कुठं फिरायचं, सगळं." नको नको म्हणत दौलतरावांनी आठवडाभर तयारी केली होती. शर्टाला इस्त्री, बुटांना पॉलिश, आणि खिशात कागदावर जागांची यादी. त्यातल्या एका जागेखाली दोन रेघा मारलेल्या.

आणि दाखवायचा हक्क त्यांचा होताच. चौतीस वर्षं ह्या गल्ल्यांतून विजेचे मीटर वाचत हिंडलेला माणूस. घराच्या पुढच्या दारानं पाहुणे येतात. मीटरवाला मागच्या बोळातून येतो. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं, कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या देवळाच्या मागं गार पाण्याची विहीर आहे, हे दौलतरावांना तोंडपाठ.

त्यांनी मुलांना इराण्याच्या हॉटेलात नेलं. चहा बशीत ओतायला लावला, उस्मानिया बिस्किट बुडवायला शिकवलं.

"जास्त बुडवू नको रे, तळाशी जाईल. हां! इथला जुना मालक फार खाष्ट. साहेब असो की हमाल, सगळ्यांवर सारखाच खेकसायचा. मी गावाहून नवा आलो होतो ना, मला त्याचं खेकसणं फार बरं वाटायचं."

मुलं हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं, असं दौलतरावांना वाटलं, पण तेही हसले.

मग कोठीच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं झाली, बडी चावडीचा भाजीबाजार झाला, आणि अकराच्या सुमाराला ते एका मोबाईल-कव्हरच्या दुकानासमोर येऊन थांबले. दुकानाला तीन दगडी पायऱ्या होत्या, झिजून मधोमध खोलगट झालेल्या.

"ही माझी सगळ्यांत आवडीची जागा," दौलतराव म्हणाले.

"कव्हर का दुकान?" एकानं विचारलं.

"अरे, कव्हरं आत्ताची. इथं पद्मावतीबाईंची खानावळ होती."

रूपालीनं मान वळवून मेट्रोच्या खांबाकडं पाहिलं. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती. तिच्या बारशाला सांगितली गेली, तिच्या दहावीच्या पेढ्यांबरोबर सांगितली गेली, दौलतरावांच्या निरोपसमारंभात तर माईकवरून सांगितली गेली. आज एकशेएकवी खेप.

"मी एकोणीस वर्षांचा. नांदेडकडनं आलेलो. मराठी माणसाची खानावळ म्हणून आत शिरलो. बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. गावाकडं असलं खरं सांगितलं की पाणीसुद्धा वरून ओततात, तेव्हा मी परत फिरायच्या तयारीत. बाईंनी आतल्या खोलीकडं एकदा पाहिलं. आणि म्हणाल्या, 'तीनला येत जा, गर्दी नसते.' बस्स! सहा वर्षं जेवलो. मागच्या पडवीत, गार वाऱ्याला. आणि ऐका, खरं पुढंच आहे. बाकीच्या मेंबरांना काय, पोचे आलेली जर्मनची ताटं. मला कोरं करकरीत स्टीलचं! वर नाव घातलेलं, दौलत म्हणून. वीस मेंबरांत एकट्या माझ्या ताटावर नाव. लग्न ठरलं तेव्हा म्हणाल्या, 'घेऊन जा तुझं तुला.' आजही मी त्याच ताटात जेवतो."

बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. दर वेळी याच वाक्याला यायचा.

तेवढ्यात शिल्पा पुढं आली. सातांतली सगळ्यांत बडबडी पोरगी, मघापासून पायऱ्यांकडं टक लावून बघत होती.

"अय्या काका! पद्मावतीबाई म्हणजे माझी आजी! एकनाथराव माझे आजोबा! अगदी लहानपणी आले होते मी इथं, म्हणून गल्लीच ओळखू येईना. आणि ते ताटवाले दौलत तुम्ही?"

दौलतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाई सांगायच्या माझ्याबद्दल?"

"हौ तर! आजी तुमची गोष्ट नेहमी सांगायची. नावाच्या ताटाची." शिल्पा आनंदानं फुलून गेली होती. "आजोबांना तसलं काही चालायचं नाही ना, आणि मेंबरांना कळलं असतं तर खानावळच बसली असती. मग आजीनं आयडिया केली. वेगळं ताट आणलं, आणि धुताना बाकीच्यांत मिसळू नये म्हणून वर नाव घालून घेतलं. आजी म्हणायची, त्या पोराला बाहेर बसवलं, त्याचं ताट त्यालाच धुवायला लावलं, पण उपाशी नाही ठेवलं. किती ग्रेट ना, त्या काळात?"

मेट्रो आली, खडखडत गेली. शिल्पाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू बावचळत गेलं. तिनं रूपालीकडं पाहिलं. रूपालीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"रूपा... मी काय तो बी गलत..."

"बाबा, घरी चला," रूपाली म्हणाली.

"घरी काय? यादी संपली नाही," दौलतराव म्हणाले. "बरोबर आहे बाळ तुझं. उपाशी नाही ठेवलं. चला, लस्सीवाला राहिलाय."

त्यांनी सगळ्यांना लस्सीवाल्याकडं नेलं. वर साय जास्त घालायला सांगितली, कुणाला साखर कमी हवी ते विचारलं, बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. स्वतः मात्र लस्सी घेतली नाही. गार नको, घसा धरतो, म्हणाले. शिल्पा निघताना पाया पडायला वाकली तेव्हा "असू दे, असू दे" म्हणत ते दोन पावलं मागं सरले. एवढंच.

दौलतराव काही खुळे नव्हते. गावात कुणी कधी ओंजळीत वरून पाणी ओतलं, कुणी अंगणाबाहेर उभं केलं, ते सगळं त्यांच्या मनात ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. पण जन्मभर मागच्या दारानं जायची सवय पडलेल्या माणसाला मागच्या पडवीचं काय वाटणार? तीनचं जेवण का, तर गर्दी नसते. ताट आपलं आपण का धुवायचं, तर तोवर भांडीवाली गेलेली असते. प्रत्येक गोष्टीला त्यांनी स्वतःच कारण शोधून दिलं होतं. शंका एकदा आली होती, पहिल्याच महिन्यात. ती त्यांनी आमटीच्या भुरक्याबरोबर गिळून टाकली होती. एवढ्या मोठ्या शहरात एक तरी घर आपलं असावं ना माणसाला!

नारायणगुड्याच्या घरी बायकोनं, विठाबाईंनी, पानं घेतली होती. दौलतरावांच्या जागेवर ते ताट. पंचेचाळीस वर्षांत घासून घासून मऊ झालेलं, कडेला नाव. त्यात पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा.

दौलतराव बसले आणि ताटाकडं बघत राहिले.

"काय झालं? लई खाल्लं का बाहेर?" विठाबाईंनी विचारलं.

रूपालीनं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा तोल गेला. "बाबा, एवढी वर्षं तुम्हाला समजलं नाही? वीस जणांत एकट्याचंच नाव! आणा इकडं ते ताट. भंगारात देते."

"हात लावू नको," दौलतराव म्हणाले.

मग त्यांनी विठाबाईंकडं पाहिलं. बाई दचकल्या नव्हत्या. हातातली वाटी खाली ठेवून पदराचं टोक चाचपत बसल्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

विठाबाईंनी भाकरीची टोपली झाकली.

"विठा, मी विचारतोय."

"लगीन होऊन आले, तुम्ही हौसेनं ताट दाखवलं, तवाच वळखलं म्या. आमच्या मायचीबी वाटी असायची अशी. पाटलाच्या गोठ्यात, खुंटीला. तिच्यावर नाव नव्हतं एवढंच."

"आणि चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुमी त्या ताटात किती गोडीनं जेवता. एवढंच एक तर होतं तुमचं, कुणी हौसेनं दिलेलं. ते म्या काढून घिऊ?"

"निरोपाला सांगितलं मी हे. माईकवरून," दौलतराव म्हणाले. "साहेब हसले होते. मला वाटलं, कौतुकानं हसले. सगळ्या हॉलला कळलं होतं, विठा. तुला कळलं होतं. मी एकटाच येडा, आपल्या अपमानाची गोष्ट गावभर सांगत फिरलो. बारशाला सांगितली! पोरीच्या बारशाला!" त्यांनी ताट पुढं सरकवलं. "ती बाई गेली तेव्हा दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आईसाठी रडलो नाही एवढा तिच्यासाठी रडलो मी."

ते न जेवताच उठले. विठाबाईंनी पान झाकून ठेवलं. संध्याकाळी ते तसंच उचललं, भाकरी गाईला घातली आणि ताट घासून मांडणीवर लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतरावांनी मांडणीवरची ताटं काढायला सुरुवात केली. रूपालीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली सहा, रोजची चार, आणि ते. सगळी कापडी पिशवीत भरली.

"कुठं निघालात?" विठाबाई घाबरून म्हणाल्या. "मोडीत घालता का काय सगळी?"

"आलोच," म्हणून ते निघाले.

सुलतान बाजारात भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी खाजाभाई भांड्यांवर नावं घालायला बसायचे. आधी छिन्नी-हातोडी होती, आता हातातलं मशीन. दौलतरावांनी पिशवी त्यांच्यापुढं उपडी केली आणि जुनं ताट वर ठेवलं.

"ये निकलता क्या?" नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

खाजाभाईंनी ताट उजेडात धरलं, अंगठा फिरवला. "नक्को बोलो चचा. पुराना काम है, गहरा मारे. घिसे तो छेद पडता."

"मग राहू द्या. इसको देखके लिखो. बाकी सब पे."

"हर एक पे अलग नाम बोलो ना फिर."

"अलग नहीं. सब पे येईच."

"दसों पे एकीच नाम?" खाजाभाई हसले. "फिर पयचानींगे कैसा, कौनसा किसका?"

"नक्को पयचानना," दौलतराव म्हणाले. "मिलने दो."

मशीन घरघरायला लागलं. एकेका ताटावर अक्षरं उमटत गेली आणि दौलतराव स्टुलावर बसून दहाच्या दहा होईपर्यंत बघत राहिले.

त्या रात्री तिघं जेवायला बसली. रूपालीनं आपल्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि बाबांकडं न बघता भाकरी मोडली. विठाबाईंनी स्वतःचं ताट दोनदा वळवून पाहिलं. जुनं ताट त्यांच्याच पुढं आलं होतं. जेवणं झाल्यावर त्या उठायच्या आत दौलतराव उठले. तिन्ही ताटं त्यांनी एकावर एक रचली, मोरीत नेली, आणि नळ सोडून, पंचेचाळीस वर्षांपूर्वी मागच्या पडवीत धुवायचे तशीच, पण सगळी मिळून, एकत्र धुतली.