साठ आणि ऐंशीच्या मध्ये

माझं काम म्हणजे लोकांना गाडी घसरवून दाखवणं. गुळगुळीत काँक्रीटचं मोठं आवार, त्यावर सोडलेलं पाणी, कडेला नारिंगी शंकू. आम्ही त्याला घसरपट्टी म्हणतो. कंपन्या आपले ड्रायव्हर इथे शिकायला पाठवतात. गाडी सावरणारी यंत्रणा चालू ठेवून मी त्यांना एकदा वळण घेऊन दाखवते, मग ती बंद करून. तिच्या बटणावर गाडीचं चित्र असतं, खाली दोन नागमोडी रेघा. "ही दारू प्यायलेली गाडी," मी म्हणते आणि वर्ग हसतो. ताई गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी कामावर परतले, तेव्हाही हे वाक्य तसंच तोंडातून आलं आणि वर्गही तसाच हसला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. गाडी भाऊजी चालवत होते, ती शेजारी बसली होती. धरणाजवळच्या ओल्या वळणावर गाडी फिरली आणि तिच्या बाजूने झाडावर आदळली. भाऊजींचं मनगट मोडलं, तेवढंच. चार दिवसांनी त्यांनी आपणहून आईला सांगितलं, की यंत्रणा बंद होती, बटण मीच दाबलं होतं. त्या दिवसापासून आई त्यांच्याशी बोलली नाही.

चार महिन्यांनी ते माझ्या कामावर आले. जेवणाची सुट्टी चालू होती.

"मला दाखव," ते म्हणाले.

"काय?"

"चालू असतं तर काय झालं असतं ते."

नाही म्हणायला हवं होतं बहुतेक. पण त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणासाठी उठले असते तशी उठले, चावी घेतली. पाणी सोडणाऱ्याला आमच्याकडे सगळे पाणक्या म्हणतात. त्याला नळ उघडायला सांगितलं.

गाडीत बसल्यावर भाऊजी बोलायला लागले. मित्राच्या शेतावरून निघताना चाकं चिखलात रुतली होती.

"कितीही दाबलं तरी इंजिन मरगळायचं. गाडी हलेना."

"चाक जागच्या जागी फिरायला लागलं की यंत्रणा त्याची ताकद काढून घेते," मी म्हटलं. "चिखलात नेमकं तेच नडतं. तिथे बंदच करायची असते. तुम्ही केलंत ते बरोबर होतं."

"हिने मागून ढकलली. गुडघ्यापर्यंत चिखल. निघाली गाडी." ते समोर बघत होते. "वाटेत नळ दिसला, तर म्हणाली, थांबा जरा, पाय धुते. मी म्हटलं, आता घरीच धू, उशीर होतोय." मग त्यांनी विचारलं, "गाडी बंद करून परत चालू केली की ते आपोआप चालू होतं ना?"

"हो."

"गाडीच्या पुस्तिकेत वाचलं मी. नंतर."

मी माझा पट्टा ओढून बघितला, मग त्यांचा.

यंत्रणा चालू ठेवून साठच्या वेगाने वळणात शिरले. गाडीचा मागचा भाग जरा सरकला, ब्रेक घरघरले, पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी शंकूंच्या आत राहिली. मग बटण दाबलं. परत साठ. गाडी गर्रकन फिरली, दीड गिरकी घेतली आणि आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. भाऊजींनी कशालाही धरलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर होते.

"म्हणजे वाचली असती," ते म्हणाले.

"वेग किती होता?"

"आठवत नाही. पोलिसांच्या कागदात साठ ते ऐंशीच्या मध्ये असं लिहिलंय."

मी यंत्रणा चालू केली आणि ऐंशीने गेले. दिवा लुकलुकला, ब्रेक घरघरले, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं तिने केलं. तरी गाडी शंकू उडवत सरळ बाहेर गेली.

"टायरलाच रस्ता धरता येत नसेल, तर यंत्रणा तरी काय करणार," मी म्हटलं. हे मी रोज म्हणते. यंत्रणेच्या भरवशावर लोक वेग वाढवतात, हे त्यापुढचं वाक्य. ते त्या दिवशी गिळलं.

"आता सत्तर," भाऊजी म्हणाले.

"नाही."

"एकदाच."

"सत्तरला नाही करणार मी, भाऊजी."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. लांबून पाणक्याने हात केला, बंद करू का म्हणून. मी मानेनेच हो म्हटलं. भाऊजी उतरले आणि दुखरा हात जपत उडालेले शंकू गोळा करायला लागले. मीही उतरले. आम्ही ते एकात एक घालून ठेवले. एक फुटला होता.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. "भाऊजी आले होते," मी सांगितलं. "मी गाडी चालवून बघितली."

तिचे हात थांबले. "मग?"

"यंत्रणा चालू असली तरी गाडी रस्त्यावर राहत नाही."

खोटं नव्हतं. अर्धं होतं. साठचं काही बोलले नाही, पाय धुण्याचं तर नाहीच. आता आपल्याला काहीतरी वाटेल, म्हणून थोडा वेळ उभी राहिले. फ्रिजचा आवाज येत होता.

"रविवारी जेवायला या म्हणावं त्यांना," आई म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

रविवारी भाऊजी बसने आले. दारात चपला काढून, सांगेपर्यंत उभेच राहिले. आईने ताट वाढलं. भाऊजी खाली मान घालून जेवायला लागले.

"मीठ बरोबर आहे ना?" शेवटी आईने त्यांना विचारलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

भाजीत मीठ नव्हतंच. आम्ही तिघंही तशीच जेवलो, आणि आईने त्यांना आणखी वाढली.